ह्यांना कळलं की पास

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिठ्ठ्या कापणं.

सकाळची पेज खाऊन मी बाहेर सोप्यावर येऊन बसलो. आमच्या कारापुरात दाराबाहेर दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे ओटे बांधतात, त्याला सोपो म्हणतात. ही आतून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, कात्री आणि दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेऊन आली आणि समोरच्या सोप्यावर बसली. लग्नपत्रिका ती कधी टाकायची नाही. कोणाकोणाची लग्नं मोडली, पण पत्रिका आमच्याकडे शाबूत. मागची बाजू कोरी असते, तिच्यावर ती इंग्रजी शब्द लिहायची. मी कापायचो, घडी घालायचो, डब्यात टाकायचो.

"केवढ्या मोठ्या कापता हो? पोरांच्या बोटांना कळतं मग कुठली कुठली ते."

"कात्री बोथट आहे तुझी."

"कात्री चांगली आहे. चालवणारा ट्रकवाला आहे."

एक चिठ्ठी मात्र तिने मला कापू दिली नाही. स्वतः लिहिली, स्वतः कापली, घडी घातली आणि डब्यात टाकताना म्हणाली, "हा तिचा शत्रू." आणि हसली.

ती म्हणजे एक मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती आमच्याकडे येणार होती, आणि इथूनच बस धरून पणजीला परीक्षेला जाणार होती. त्या दिवशी कापलेल्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्या एकटीसाठी होत्या.

मग चहा झाला. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेला एक उंडो राहिला होता. गोल पाव, वरून कडक. अर्धा तिने घेतला, अर्धा मी. चहात बुडवून खाल्ला. ती कप उचलून आत गेली. आत काहीतरी पडलं.

"काय फुटलं?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

उत्तर आलं नाही. ही उत्तर न देणारी बाई नव्हती, म्हणून मी उठलो.

साखळीहून डॉक्टर आला. म्हणाला, काळीज बंद पडलं. बंद पडायला ती काय ट्रक होती? पण तो तरी काय सांगणार. दुपारपर्यंत माझी मोठी बहीण इब्रामपूरहून आली, शेजारी आले, हिच्या शाळेतली माणसं आली, आणि ऊन उतरायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो.

अजून बारावं व्हायचं आहे. सुतकात माणसाला काही काम नसतं. बाहेर जायचं नाही, कोणाकडे जायचं नाही, कोणी येऊन गप्पा मारत बसायचं नाही. म्हणून लिहितो आहे. मी मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकलो, पुढे गुरं राखली, मग क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. सुर्ल्याच्या खाणीवरून खनिजाचा माल भरायचा आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, हे मी जन्मभर केलं. तेव्हा अक्षर वाईट आहे आणि लिहिणं त्याहून वाईट. पण हिचं काम कसं होतं ते नीट सांगणारा दुसरा कोणी नाही, कारण ते दोन माणसांचं काम होतं आणि त्यातला दुसरा माणूस मी आहे.

ही बेळगावात मामाकडे राहून शिकली. तेव्हा आमच्याकडे पोर्तुगिजांचं राज्य. इंग्रजी शिकायचं तर माणसाला सरहद्द ओलांडावी लागायची. मॅट्रिक झालेली मुलगी ट्रकच्या क्लीनरला कशी दिली असं लोक विचारायचे. मीही विचारायचो. ती म्हणायची, "तुमच्या घरची विहीर आवडली." गोवा मोकळा झाल्यावर शाळा निघाल्या, तिला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, आणि निवृत्त होईपर्यंत तिने ती केली. पोरबाळ आम्हाला झालं नाही.

निवृत्त झाल्यावर मोठी पोरं घरी येऊ लागली. अकरावी-बारावीची, कॉलेजातली. कोणाला बँकेची परीक्षा, कोणाला सरकारी नोकरीची, कोणाला बाहेर शिकायला जायचं. त्या परीक्षांत अवघड इंग्रजी शब्द विचारतात. साधे नव्हे. साहेब लोकही पेपर वाचताना अडखळतील असे.

सुरुवातीला ही शब्दांची यादी द्यायची, पोरं अर्थ पाठ करून यायची, ही विचारायची, ती धडाधड सांगायची. एकदा एक चांगला हुशार पोरगा सांगत होता. शब्द होता फ्रूगल. तो म्हणाला, "मितव्ययी."

मी सोप्यावर बसून विडी ओढत होतो. सहज विचारलं, "म्हणजे काय रे?"

"मितव्ययी म्हणजे..." पोरगा थांबला. "म्हणजे काका, मितव्ययी."

"ते कळलं. पण म्हणजे काय?"

पोरगा वही चाळायला लागला. ही आधी हसली, मग तिचं तोंड उतरलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "एवढी वर्षं मी हेच केलं काय? एक कुलूप काढायचं आणि त्या जागी दुसरं लावायचं?"

त्या दिवसापासून रीत बदलली. कोणी शिकवली नव्हती, कुठल्या पुस्तकात नव्हती. तिची स्वतःची होती. शब्द चिठ्ठीवर. चिठ्ठ्या डब्यात. मी सोप्यावर डबा घेऊन बसायचं आणि डबा हलवायचा. पोराने एक चिठ्ठी काढायची, मनात वाचायची, शब्द तोंडातून बाहेर काढायचा नाही. त्याचा अर्थ मला सांगायचा. ज्या भाषेत येईल त्या भाषेत, पण पुस्तकी शब्द वापरायचा नाही आणि मी बघितलेल्या गोष्टीतूनच सांगायचा. ही आत स्वयंपाकघरात. पोराचं सांगून झालं की आतून हाक यायची, "काय समजलं?" मग मला काय समजलं ते मी माझ्या शब्दांत मोठ्याने सांगायचं. चिठ्ठी तिच्यापाशी गेली की ती बघायची. शब्दाशी जुळलं तर "बरं." नाही जुळलं तर "नाही. परत."

पहिल्याच दिवशी तिने मला दटावलं होतं. "एक लक्षात ठेवा. पोराची दया येऊन मान हलवायची नाही. तुमच्या मानेवर त्यांची नोकरी आहे."

तर असा मी परीक्षक झालो. लोक हसायचे. मीही हसलो. इंग्रजीचं ए कुठलं आणि झेड कुठलं ते मला माहीत नाही, आणि बँकेच्या परीक्षेला बसणारी पोरं माझ्यासमोर घाम पुसायची.

तोच फ्रूगलवाला पोरगा आठ दिवसांनी आला. म्हणाला, "काका, आमची आजी एका नारळाचा दोनदा रस काढते. पहिला दाट, दुसरा पाणचट. घरच्यांना दुसऱ्या रसाची कढी, पाहुणा आला तर पहिल्या रसाची. हा माझा शब्द. आणि आमच्या शेजारची म्हातारी पाहुण्यालासुद्धा दुसराच रस घालते. तो माझा शब्द नव्हे."

आतून हाक आली, "काय समजलं?"

"हात राखून खर्च करणारी बाई. पण चिक्कू नव्हे."

"बरं!" ही आतून म्हणाली ती अशी म्हणाली, की भांडी पण वाजली.

तो पोरगा आता म्हापशाला बँकेत आहे. त्या दिवशी तिला पोचवायला आला होता. सगळे निघून गेल्यावर माझ्याजवळ आला. म्हणाला, "काका, पहिला रस." आणि रडायला लागला. मला कळलं त्याला काय म्हणायचं होतं. ही पाहुण्यांनाच पहिला रस देत आली. सगळ्या जगातली पोरं हिची पाहुणी.

एक पेडण्याकडचा मुलगा यायचा, नदीकाठचा. त्याने एकदा सांगितलं, कुर्ली, म्हणजे खेकडी, जुनं कवच टाकते आणि नवं कडक व्हायच्या आधी चिखलात दडून बसते. तेव्हा तिला कोणीही बोटाने दाबून मारील. एवढाच अर्थ. मला इतका पटला की मी दोन दिवस कुर्ल्या खाल्ल्या नाहीत. शब्द होता व्हल्नरेबल. एका मुलीने सांगितलं, पोदेराचा भोंगा ऐकू आला, पण सायकल अजून वळणावर दिसली नाही, तेवढा वेळ. तो शब्द इम्मिनंट. आता भोंगा वाजला की मला पाव आठवत नाही, ती मुलगी आठवते. शब्द शिकवायची ही रीत अशी होती, की शिकणाऱ्याला तर तो लागायचाच, ऐकणाऱ्यालाही लागायचा. मी ट्रकवाला माणूस, मला इंग्रजी वाचता येत नाही, पण माझ्या डोक्यात त्या भाषेतले शेकड्यांनी शब्द असे बसलेत, कुर्लीसारखे, भोंग्यासारखे. बसवले हिने.

ही स्वतःही परीक्षा द्यायची. वाचनालयातून इंग्रजी पेपर आणायची, नवा शब्द सापडला की तो मला सांगून बघायची. एकदा म्हणाली, "घर गळतंय, पाणी अंथरुणापर्यंत आलंय, बायको परात घेऊन धावतेय, आणि एक माणूस घोरतोय. त्याला काही पत्ता नाही."

"कळलं. तो माणूस मी."

"माणूस कोण ते नव्हे विचारलं. अर्थ सांगा."

"आजूबाजूला काय चाललंय त्याची शुद्ध नसलेला."

"बरं." मग म्हणाली, "आणि माणूसही बरोबर ओळखलात."

शब्द ऑब्लिव्हियस. या वयात बाई नवे शब्द शिकते आणि ते नवऱ्यावर घासून बघते, अशी दुसरी मी बघितली नाही.

मध्ये गोव्यात भाषेचं पेटलं. कोंकणी की मराठी. रस्त्यांवर झाडं आडवी पाडली, बसगाड्या बंद, भाऊ भावाशी बोलेना. आमच्याकडे येणारी पोरं चालत यायची. एक दिवस एका मुलाचा बाप येऊन सोप्यावर बसला. म्हणाला, "बाई, माझा मुलगा कोंकणीतूनच अर्थ सांगणार." त्याला उत्तर द्यायच्या आत दुसऱ्या मुलाचा बाप समोरच्या सोप्यावरून म्हणाला, "मग माझा मराठीतून सांगणार, आणि तुमच्याने ते ऐकवणार नसेल तर जायचा रस्ता मोकळा आहे." आता दोघांची जुंपणार असं दिसलं. ही हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "इथे परीक्षा इंग्रजीची आहे. सांगायचं कशातून ते ज्याचं त्याने बघावं. ह्यांना कळलं की पास."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. माझी बोली कुठल्या पक्षाची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी एक, खाणीवर दुसरी, धक्क्यावर तिसरी. मी म्हटलं, "मला दोन्हीतून शिव्या कळतात, अर्थही कळतील." पहिला बाप हसला. दुसरा हसला नाही, पण बसला. पोरं त्या सोप्यावर शेवटपर्यंत मांडीला मांडी लावून बसली. गाव भांडत होता, आणि आमच्या दारात दोन्हीकडची पोरं एका डब्यात हात घालत होती. हे तिने केलं. भाषण न करता केलं.

पुढे घटक राज्य झालं तेव्हा तिने डब्यात ऑटॉनॉमी टाकला. एका पोराने सांगितलं, "धाकट्या सुनेने चूल वेगळी केली, पण विहीर एकच." ही आत इतकी हसली की कढी उतू गेली.

आता त्या मुलीचं सांगतो.

तिचा बाप खानापूरच्या बाजूचा, सुर्ल्याच्या खाणीवर माल भरणारा. मी ट्रक चालवायचो तेव्हापासून ओळखीचा. घरात कानडी, शाळेत मराठी. मुलगी हुशार. तिला नर्स व्हायचं होतं. पणजीत जागा मोजक्या, लेखी परीक्षा इंग्रजीत, आणि त्यातून पुढे गेलं की तोंडी. तिथे दोन बाया समोर बसतात, शब्द देतात आणि म्हणतात, समजावून सांग. बापाने सरळ सांगितलं होतं, "यंदा जागा मिळाली तर शीक. नाही मिळाली तर मामाचं घर तयार आहे." मामाचा मुलगा म्हणजे तिचा ठरलेला नवरा. वाईट नव्हता बिचारा. पण तिला नर्स व्हायचं होतं. लेखी ती पास झाली होती. तोंडी उरली होती.

आमच्याकडे आली तेव्हा तिला सगळी यादी पाठ. खालून वर विचारा, वरून खाली विचारा. हिने तिला पहिल्याच दिवशी नापास केलं.

तिच्या वाट्याला एक शब्द असा आला, की दर खेपेला अडायची. अलीव्हिएट. पहिल्यांदा म्हणाली, "वेदना सौम्य करणे." मी म्हटलं, "हे तू मला नव्हे, भिंतीला सांगतेस." दुसऱ्या खेपेला म्हणाली, "डोकं दुखतं, गोळी घेतली, थांबलं."

"काय समजलं?" आतून.

"दुखणं गेलं."

"नाही. परत."

पुढच्या खेपेला तिने सांगताना एकाचा पाय मोडून त्याला प्लास्टर घातलं. मला समजलं, दुखणं बरं होत आलं. आतून, "नाही. परत." मग मुलगी तापली. "काकांना कळत नाही यात माझी काय चूक?"

ही हातात पळी तशीच घेऊन बाहेर आली. "उद्या पेशंटला कळलं नाही तर हेच सांगशील? तुझी चूक अशी, की तुझ्याकडे शब्द आहे आणि त्याच्या खाली काही नाही. जा घरी. घरात बघ. तिथे असेल."

मुलगी पाय आपटत गेली. मी म्हटलं, "जास्त झालं हं तुझं." ही म्हणाली, "तोंडी परीक्षेत त्या दोन बाया याहून गोड बोलतील आणि नापास करतील. त्यापेक्षा मी बरी." तर अलीव्हिएट, हा झाला तिचा शत्रू. त्या सकाळी हिने हसत डब्यात टाकला तो.

हिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उजाडताच उठलो. घरात चूल पेटली नव्हती. शेजाऱ्यांनी पेज आणून ठेवली होती, बहीण ती भांड्यात काढत होती. पोदेर भोंगा वाजवत वळणापर्यंत आला, आमचं घर आलं तसा भोंगा थांबवला आणि गुपचूप पुढे गेला. डबा सोप्यावर होता. काल धावपळीत कोणी उचलला नव्हता, लवंडलाही नव्हता.

सातला मुलगी आली. आत आली नाही. घराभोवती दगडांचा कमरेएवढा गडगा आहे, त्याच्या बाहेर उभी राहिली. डोळे सुजलेले. कालची बातमी सुर्ल्यापर्यंत पोचली होती.

"काका, मी सांगायला आले. मी नाही जात आज."

"कुठे नाही जात?"

"परीक्षेला. माझं मन नाही लागणार."

पण परीक्षेची पिशवी खांद्याला होती. पिशवी घेऊन कोणी नाही म्हणायला येतं काय? मी म्हटलं, "मन लागू दे की न लागू दे. तुझे शब्द लागतात का ते बघायचंय. चिठ्ठ्या तयार आहेत."

"नको काका. आज कशाला?"

"आज नाही तर मामाचं घर."

तिला ते झोंबलं. मला झोंबवायचंच होतं. मी आतून खुर्ची आणून गडग्याच्या आत ठेवली आणि डबा गडग्यावर ठेवला. स्वयंपाकघराची जनेल, खिडकी, त्याच बाजूला उघडते. बहिणीने तिथून बघितलं.

"खुळो झालस काय रे? परीक्षेक जाणारा पोर सुतकाच्या दारात उभा करतस?"

"दारात नाही, बाय. गडग्याबाहेर आहे ती."

"आणि तो डबो? तो सुतकाचो नाय?"

"चिठ्ठ्या काल सकाळी कापल्या. तेव्हा सुतक नव्हतं."

"बायल गेली आणि तुका डबो सुचता!"

"तिचाच डबा आहे," मी म्हटलं. बहीण खिडकीतून हलली नाही.

मी डबा हलवला. मुलीने हात घातला. पहिली चिठ्ठी बरी सांगितली, दुसरीही. तिसरी उघडली आणि तिचं तोंड बदललं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण तोंड वाचता येतं. शत्रू आला होता.

तिने चिठ्ठी मुठीत धरली. मग म्हणाली, "काका, बाई गेल्या. तुम्हाला किती वाईट वाटत असेल. मी आले, तुमच्याशी बोलले, म्हणून तुम्हाला थोडं..."

"थांब," मी म्हटलं. "मला मध्ये घेऊ नकोस. हे तू मला रडवायला सांगतेस. अर्थ सांगायला नाही. नापास. परत."

तिने ओठ दाबले. रडेल असं वाटलं. रडली असती तरी मी मान हलवली नसती. हिने सांगून ठेवलेलं आहे.

ती गडग्याला टेकली. खाली रस्त्यावरून खाणीचे पहिले ट्रक रिकामे चालले होते, त्यांच्याकडे बघत ती बोलायला लागली. माझ्याकडे बघून नाही.

"आमचा बाप दिवसभर माल भरतो. संध्याकाळी घरी आला की त्याला वाकता येत नाही. चपला आई काढते. मग आई वीट तापवते, फडक्यात गुंडाळते आणि त्याच्या पाठीवर धरते. निवली की परत तापवते. बाप झोपतो. सकाळी पाठ होती तशीच असते. तो परत माल भरायला जातो. संध्याकाळी आई परत वीट तापवते. एवढंच."

जन्मभर मी ट्रकात वर बसायचो आणि तो माणूस खाली माल भरायचा. आरशात मला त्याची पाठच दिसायची. त्या पाठीवर रात्री वीट असते ते मला काय ठाऊक. ते हिला ठाऊक होतं काय? घरात बघ, तिथे असेल, एवढंच म्हणाली होती. न बघता म्हणाली होती.

आतून हाक यायची ती वेळ झाली होती. हाक आली नाही. मुलगीही वाट बघत राहिली, मीही. मग मी खुर्चीतल्या खुर्चीत खिडकीकडे वळलो आणि मोठ्याने सांगितलं, रोज सांगायचो तसं.

"दुखणं जात नाही. उद्याही असणार. पण तेवढी झोप लागते."

"कोणाशी बोलतस रे?" बहीण म्हणाली.

"तुझ्याशी. तू नुसतं बरं म्हण."

"कशाक?"

"म्हण गे, बाय."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्या मुलीकडे. पदराने नाक पुसलं आणि रागावल्यासारखी म्हणाली, "बरां."

मुलीने चिठ्ठीची घडी घालून ती गडग्यावर ठेवली आणि तिच्यावर एक खडा ठेवला. बस यायला अजून वेळ होता. मी डबा हलवला.